अपत्यप्राप्ती आणि परंपरागत चिनी वैद्यक

१. सम्राटाचा प्रश्न

चीनच्या प्राचीन वैद्यकग्रंथांत ‘ह्वांगती नैचिंग’, म्हणजे ‘पीत सम्राटाचा अंतर्वैद्यकग्रंथ’, याला आद्य स्थान दिले जाते. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत त्याचे संकलन झाले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हा ग्रंथ संवादरूप आहे. सम्राट प्रश्न विचारतो आणि छी पो नावाचा वैद्य उत्तरे देतो. पहिल्याच प्रकरणात सम्राट विचारतो, की माणसे वृद्ध झाली म्हणजे त्यांना अपत्ये होत नाहीत, याचे कारण काय? त्यांची शक्ती सरते म्हणून असे होते, की निसर्गाने नेमून दिलेल्या आकड्यांचाच हा परिणाम आहे?

छी पोचे उत्तर मोठे रेखीव आहे. स्त्रीचे आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांनी पुढे सरकते, असे तो सांगतो. सातव्या वर्षी दुधाचे दात पडून नवे येतात. दोन साते म्हणजे चौदाव्या वर्षी ऋतुप्राप्ती होते आणि गर्भधारणा शक्य होते. चार सातांना, म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी, शरीर पूर्ण बळकट असते. पाच सातांना, म्हणजे पस्तिसाव्या वर्षी, चेहऱ्याचा टवटवीतपणा ओसरू लागतो व केस गळू लागतात. सात सातांना, म्हणजे एकोणपन्नासाव्या वर्षी, ऋतू बंद होतो. पुरुषाचे टप्पे आठ-आठ वर्षांचे. सोळाव्या वर्षी त्याला प्रजननक्षमता येते आणि चौसष्टाव्या वर्षी ती संपते.

आजच्या शरीरविज्ञानाशी हे वर्णन ताडून पाहावे. जन्माच्या वेळी मुलीच्या दोन्ही बीजकोशांत मिळून सुमारे दहा ते वीस लाख अपक्व बीजांडे असतात. ऋतुप्राप्तीच्या सुमारास त्यांतली तीन-चार लाखच उरतात आणि सबंध आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती सुमारे चारशे. पस्तिशीनंतर त्यांची संख्या व गुणवत्ता दोन्ही वेगाने घटतात. पन्नाशीच्या आसपास ऋतू थांबतो. छी पोचा पस्तीस आणि एकोणपन्नास हा हिशेब, दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे हे लक्षात घेता, पुष्कळच बरोबर म्हटला पाहिजे. पुरुषाच्या बाबतीत मात्र चौसष्ट ही सीमा निसर्ग पाळत नाही. पुरुषाची क्षमता वयाबरोबर हळूहळू मंदावते, पण ती एका ठराविक वर्षी बंद होत नाही.

आता छी पोने दिलेली मीमांसा पाहू. ‘तियान-क्वेइ’ नावाचे एक स्वर्गीय जल शरीरात अवतरते, ‘रेन’ व ‘छुंग’ नावाच्या दोन वाहिन्या त्यामुळे भरतात आणि म्हणून ऋतू सुरू होतो, असे तो म्हणतो. शवविच्छेदनात अशा वाहिन्या कोणालाही सापडलेल्या नाहीत. तेव्हा निरीक्षण खरे आणि स्पष्टीकरण चुकीचे, अशी ही स्थिती आहे.

येथे वाचकांनी एक भेद मनात पक्का करावा. एखादे निरीक्षण खरे असणे ही एक गोष्ट होय. त्याचे दिलेले स्पष्टीकरण खरे असणे ही दुसरी गोष्ट. त्या स्पष्टीकरणावर आधारलेला उपाय गुणकारी असणे ही तिसरी गोष्ट. यांतील एक सिद्ध झाल्याने दुसरी आपोआप सिद्ध होत नाही. परंपरागत चिनी वैद्यकाने वंध्यत्वाविषयी जे सांगितले, त्याचा विचार या पुस्तिकेत आपण या तीन प्रश्नांच्या आधारे करू.

२. बीज आणि भूमी

एक वर्षभर नियमित सहजीवन असूनही गर्भ राहिला नाही, तर त्या जोडप्याला वंध्यत्वाचा प्रश्न आहे असे वैद्यकशास्त्र मानते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेसतरा टक्के प्रौढ व्यक्तींना, म्हणजे दर सहांमागे एकाला, आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. तेव्हा ही विरळा आपत्ती नव्हे. तथापि जिच्यावर ती येते त्या व्यक्तीला, विशेषतः स्त्रीला, ती एकटीनेच भोगावी लागते. सासरी-माहेरी, सणासमारंभांत, शेजारीपाजारी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते ती आपल्या वाचकांना अपरिचित नाही.

चीनमध्येही वंश चालवण्याचे ओझे स्त्रीवरच असे. म्हणूनच सातव्या शतकातील थोर वैद्य सुन सिमिआओ यांचे लेखन लक्षणीय ठरते. ‘सहस्र सुवर्णमुद्रांच्या मोलाची औषधे’ अशा अर्थाचे नाव असलेला त्यांचा ग्रंथ सुमारे ६५२ साली सिद्ध झाला. त्यात त्यांनी स्त्रियांच्या रोगांना आरंभीचे स्थान दिले आणि त्या विभागात अपत्यप्राप्तीचा विचार सर्वांत आधी केला. मूल होत नसेल तर पती व पत्नी या दोघांचीही शरीरे क्षीण झालेली असतात, असे प्रतिपादन करून त्यांनी पतीसाठी एक औषध आणि पत्नीसाठी दुसरे औषध सांगितले.

आजचे शास्त्र या बाबतीत सुन सिमिआओंच्या बाजूने आहे. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील दोष एकटा किंवा स्त्रीकडील दोषाच्या जोडीने आढळतो. पुरुषाची तपासणी सोपी व अल्पखर्चाची असते. वीर्याचा नमुना घेऊन त्यातील शुक्रजंतूंची संख्या, गती व आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे असतात. असे असूनही पत्नीच्या अनेक तपासण्या होऊन जातात आणि पतीची एकही झालेली नसते, असे आजही घडते. तेराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथातील हा धडा अजून सर्वांनी गिरवलेला नाही.

चिनी वैद्यांच्या विचारात शेतीची उपमा वारंवार येते. गर्भधारणेच्या प्रकरणाला ते ‘चुंगत्झ’ म्हणजे ‘बीजारोपण’ असे नाव देतात. बीज सकस हवे आणि भूमीही उबदार व ओलसर हवी. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज, अर्थात योग्य काळ, भूमी, जल व बी, या चार गोष्टींच्या मेळाने गर्भ राहतो असे म्हटले आहे. शेतीवर जगणाऱ्या दोन समाजांच्या वैद्यांना एकच उपमा सुचावी यात नवल नाही.

चिनी मताप्रमाणे बीजाचे मूळ सत्त्व ‘वृक्का’त साठवलेले असते, ‘प्लीहा’ अन्नापासून रक्त निर्माण करते आणि ‘यकृत’ त्या रक्ताचा व प्राणशक्तीचा प्रवाह मोकळा ठेवते. ही नावे अवयवांची असली तरी त्यांचा अर्थ शरीररचनाशास्त्रातील मूत्रपिंड, पाणथरी व काळीज असा घेऊ नये. ती शरीरव्यापारांच्या समूहांना दिलेली नावे आहेत. रोग्याला पाहणे, त्याचा आवाज ऐकणे व गंध घेणे, प्रश्न विचारणे आणि नाडी पाहणे अशी चतुर्विध परीक्षा करून वैद्य निदान ठरवतो. जीभ फिकट आहे की लाल, हातपाय गार पडतात काय, स्राव किती दिवस व कसा होतो, झोप लागते काय, मन कशाने कुढते, अशी चौकशी तो बारकाईने करतो. वंध्यत्वात त्याचा पहिला नियम असा, की आधी ऋतू नियमित करावा, मग गर्भाची अपेक्षा धरावी.

सतराव्या शतकातील वैद्य फू छिंगचू (१६०७–१६८४) यांच्या नावावर असलेल्या आणि १८२७ साली छापल्या गेलेल्या स्त्रीरोगविषयक ग्रंथात वंध्यत्वाचे दहा प्रकार वर्णिले आहेत. अतिकृश शरीर, ओटीपोटातील गारठा, लठ्ठपणा ही त्यांतील काही कारणे. लठ्ठपणाचा उल्लेख मार्मिक आहे. ज्या स्त्रियांना लठ्ठपणामुळे ऋतूची अनियमितता येते त्यांचे वजन शेकडा पाच-दहाने जरी उतरले, तरी बीजांड नियमितपणे पक्व होण्याची शक्यता वाढते, हे आज ठाऊक आहे. परंतु त्याच यादीत ‘मत्सरामुळे येणारे वंध्यत्व’ असाही एक प्रकार आहे. सवतीमत्सराने प्राणशक्ती कोंडते आणि गर्भ राहत नाही, असे त्याचे विवेचन. येथे निरीक्षणाच्या जागी समाजाचा पूर्वग्रह येऊन बसला आहे. जुना ग्रंथ वाचताना अशा जागा ओळखता आल्या पाहिजेत.

३. महिन्यातील तो दिवस

कोणत्या दिवसांत गर्भधारणा होते, या प्रश्नाचा इतिहास फार बोधप्रद आहे. सुन सिमिआओ यांच्या ग्रंथात सांगितले आहे, की स्राव थांबल्यानंतरच्या पहिल्या, तिसऱ्या वा पाचव्या दिवशी गर्भ राहिल्यास मुलगा होतो, दुसऱ्या, चौथ्या वा सहाव्या दिवशी राहिल्यास मुलगी होते आणि त्यानंतरचे दिवस व्यर्थ असतात. हे विधान दोन्ही अंगांनी चूक आहे. मुलगा की मुलगी हे शुक्रजंतूतील गुणसूत्रावर ठरते, दिवसाच्या सम-विषम संख्येवर नव्हे. आणि बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत गर्भधारणेचा काळ याहून काहीसा पुढे असतो. जी जोडपी या नियमाला काटेकोरपणे चिकटली असतील, त्यांनी नेमके अनुकूल दिवस गमावले असण्याचा संभव आहे.

पुढे वांग खेनथांग (१५४९–१६१३) या वैद्याने एका पूर्वसूरीचा आधार घेऊन निराळे मत नोंदवले. प्रत्येक ऋतुचक्रात एक दिवस असा असतो, की त्या दिवशी सृष्टीतील बीज अंकुरण्यास उत्सुक व्हावे तशी स्त्रीच्या देहाची अवस्था होते, असे ते मत होते. एका महिन्यात एकच अनुकूल दिवस, ही कल्पना सत्याच्या पुष्कळ जवळ जाते. पण तो दिवस कोणता हे मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते.

ते साधन निर्माण होण्यास दीर्घ काळ लागला. योगायोग असा, की १८२७ या ज्या वर्षी फू छिंगचू यांचा ग्रंथ छापला गेला, त्याच वर्षी कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्याचे बीजांड प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर जवळजवळ एका शतकाने, १९२४ साली, जपानमधील निईगाता येथील शल्यवैद्य क्यूसाकू ओगिनो यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी स्त्रियांच्या बीजकोशांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून दाखवले, की बीजांड पुढच्या ऋतुस्रावाच्या आधी बारा ते सोळा दिवस या अवधीत बाहेर पडते. त्यांची गणना मागील स्रावापासून नव्हती, पुढील स्रावापासून उलटी होती. चक्र लांब असो वा आखूड, त्याचा उत्तरार्ध बराचसा स्थिर असतो, हा त्यांच्या शोधाचा गाभा होता.

बाहेर पडलेले बीजांड सुमारे एक दिवस जगते. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीजांड सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस असे सहा दिवस गर्भधारणेस अनुकूल असतात. बीजांड सुटल्यानंतर स्त्रीच्या शरीराचे विश्रांतीतील तापमान अर्ध्या अंश सेल्सिअसच्या आतबाहेर चढते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमधील काही वैद्यांनी हे तापमानाचे आलेख आपल्या जुन्या पद्धतीत सामावून घेतले. त्यांनी ऋतुचक्राचे चार टप्पे कल्पिले: स्रावाचा काळ, स्रावोत्तर काळ, बीजांड सुटण्याचा काळ आणि स्रावपूर्व काळ. प्रत्येक टप्प्याला निराळा काढा देण्याची पद्धत त्यांनी बसवली. परंपरा स्थिर नसते, तीही शिकत असते, याचे हे उदाहरण होय.

४. काढे, गोळ्या आणि सुया

या पद्धतीतील औषधे बहुतांशी वनस्पतिजन्य असून ती एकेकटी सहसा दिली जात नाहीत. पाचपासून पंधरा-वीसपर्यंत द्रव्ये एकत्र करून त्यांचा काढा करतात. तांगक्वेइ नावाच्या वनस्पतीचे मूळ, पाइशाओ या फुलझाडाचे पांढरे मूळ आणि वाफवून काळे केलेले तिहुआंगचे मूळ ही स्त्रीरोगांत फार वापरली जातात. पुरुषांसाठी ‘वंशविस्ताराची पंचबीज गोळी’ प्रसिद्ध आहे. तिच्यात गोजी हे तांबडे फळ, आपल्या अमरवेलीच्या वर्गातील एका वेलीचे बी, रासबेरीच्या जातीचे फळ, पाच रसांचे म्हणून ओळखले जाणारे वूवेइत्झ हे फळ आणि इसबगोलाच्या कुळातील एका वनस्पतीचे बी असते. बीजाला बळ देण्यासाठी बियांचीच योजना करावी, या साधर्म्यविचाराची छाया या योगावर स्पष्ट दिसते. साधर्म्य कल्पनेला चालना देते खरे, परंतु ते पुरावा होऊ शकत नाही.

दुसरा उपाय सूचिवेधाचा, म्हणजे आज सर्वत्र ॲक्युपंक्चर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा. शरीरावरील ठराविक बिंदूंत केसासारख्या बारीक सुया टोचून प्राणशक्तीचा प्रवाह सुरळीत करता येतो, अशी यामागील धारणा आहे. या विद्येच्या भारतातील प्रसाराशी एक जिव्हाळ्याचा धागा जोडलेला आहे. १९३८ साली चीनच्या साहाय्यार्थ गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ साली तेथेच निवर्तले. त्याच पथकातील त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू पुढे चीनमध्ये ही विद्या शिकले आणि परत येऊन त्यांनी कलकत्त्यात तिचा प्रसार केला.

५. न्याय्य कसोटी कशी घ्यावी?

काढा घेतला आणि गर्भ राहिला, एवढ्यावरून काढ्याने गर्भ राहिला असे ठरत नाही. वर्षभर वाट पाहिलेल्या जोडप्यांपैकी कित्येकांना पुढील वर्षभरात कोणताही उपचार न करता मूल होते. त्या काळात त्यांनी जे काही केले असेल, मग तो काढा असो, नवस असो वा हवापालट असो, त्याला यशाचे श्रेय मिळते. ज्यांना यश येत नाही ती माणसे बोलत नाहीत आणि त्यांची मोजदादही होत नाही.

यावर एक सोपा प्रयोग वर्गात करून पाहावा. शंभर चिंचोके घ्यावेत आणि त्यांपैकी पंचवीस चिंचोक्यांवर खडूची खूण करून सर्व पिशवीत मिसळावेत. एका विद्यार्थ्याने न पाहता वीस चिंचोके काढावेत, खुणेचे किती आले ते फळ्यावर लिहावे आणि सर्व पुन्हा पिशवीत टाकावेत. मग दुसऱ्याने तसेच करावे. सरासरीने पाच खुणेचे यावयास हवेत, परंतु कोणाला तीन येतील, कोणाला सात, क्वचित कोणाला आठही. समजा, सात काढणाऱ्या विद्यार्थ्याने पूर्वी काढा प्याला होता आणि तीन काढणाऱ्याने प्याला नव्हता. काढ्याने यश दुपटीहून अधिक झाले असे कोणी म्हटले तर आपण हसू. आता सर्व विद्यार्थ्यांच्या वेळा एकत्र मिळवाव्यात. खुणेच्या चिंचोक्यांचे प्रमाण शेकडा पंचविसाच्या जवळ येऊन ठेपलेले दिसेल. संख्या लहान असता योगायोग मोठा असतो, संख्या वाढली म्हणजे तो निवळतो.

म्हणून औषधाच्या कसोटीचे चार नियम आहेत. व्यक्तींची संख्या पुरेशी असावी. कोणी कोणत्या गटात जावे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दैवयोगाने ठरवावे, वैद्याच्या किंवा रोग्याच्या इच्छेने नव्हे. तुलनेच्या गटाला हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी, अथवा खऱ्यासारखा भासणारा लटका सूचिवेध द्यावा, म्हणजे आशेचा व आपुलकीचा परिणाम दोन्ही गटांत सारखाच राहील. आणि मोजणी अशा गोष्टीची करावी जिची त्या जोडप्याला खरोखर आस आहे. ती गोष्ट म्हणजे जिवंत जन्मलेले मूल.

परंपरेतून आलेले औषध या कसोटीला उतरूच शकत नाही, असे कोणी समजू नये. चौथ्या शतकातील वैद्य क हुंग यांच्या ग्रंथात तापावर छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळलेला रस सांगितला होता. ती उकळण्यास सांगितलेली नव्हती, हे ध्यानात घेऊन तू यूयू व त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी तापमानात तिचा अर्क काढला आणि त्यातून हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे औषध हाती आले. तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या औषधाची प्रतिष्ठा ग्रंथाच्या प्राचीनतेवर उभी नाही. ती कसोटीवर उभी आहे.

६. तीन कसोट्यांची कथा

पहिली कथा सुयांची आहे. कृत्रिम गर्भधारणेत प्रयोगशाळेत तयार झालेला भ्रूण स्त्रीच्या गर्भाशयात ठेवतात. या वेळी, आधी व नंतर, सूचिवेध केल्यास काय होते हे जर्मनीतील व चीनमधील संशोधकांनी १६० स्त्रियांवर तपासले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुया टोचलेल्या ८० स्त्रियांपैकी ४२·५ टक्के गर्भवती झाल्या. सुया न टोचलेल्या ८० स्त्रियांत हे प्रमाण २६·३ टक्के होते. वार्ता जगभर पसरली आणि अनेक ठिकाणी उपचारासोबत सुयाही देऊ लागले. परंतु या अभ्यासात लटका सूचिवेध नव्हता आणि संख्याही फार मोठी नव्हती.

पुढे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील सोळा केंद्रांत ८४८ स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. यात तुलनेच्या गटाला त्वचेत न शिरणारी सुई निराळ्या जागी टेकवली जात असे. २०१८ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खऱ्या सूचिवेधाच्या गटात १८·३ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले आणि लटक्या सूचिवेधाच्या गटात १७·८ टक्के स्त्रियांना झाले. हा फरक नगण्य होय.

दुसरी कथा खुद्द चीनमधील आहे. बहुपुटी बीजकोश हा विकार, ज्याला आपल्याकडे पीसीओएस म्हणतात, तो झालेल्या स्त्रियांत बीजांड नियमितपणे पक्व होत नाही. हार्बिन येथील चिनी वैद्यकाच्या विद्यापीठातील संशोधकांच्या नेतृत्वाखाली अशा १,००० स्त्रियांचे दैवयोगाने चार गट करण्यात आले. काहींना क्लोमिफीन हे आधुनिक औषध व खरा सूचिवेध, काहींना क्लोमिफीन व लटका सूचिवेध, काहींना औषध नसलेली गोळी व खरा सूचिवेध आणि उरलेल्यांना औषध नसलेली गोळी व लटका सूचिवेध अशी योजना होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेले आकडे पुढीलप्रमाणे आहेत. जिवंत अपत्याचे प्रमाण पहिल्या गटात २९·४ टक्के, दुसऱ्यात २८·० टक्के, तिसऱ्यात १३·९ टक्के आणि चौथ्यात १६·८ टक्के. क्लोमिफीनने यश जवळजवळ दुप्पट केले. सुया खऱ्या की लटक्या, याने काहीही फरक पडला नाही.

हा निष्कर्ष चिनी वैद्यकाच्याच एका विद्यापीठाने जगापुढे मांडला, ही गोष्ट विशेष आदरास पात्र आहे. आपल्या प्रिय विद्येविरुद्ध गेलेला आकडा न लपवणे हीच शास्त्रनिष्ठा होय.

तिसरी कथा एका वनस्पतिजन्य द्रव्याची आहे. ह्वांगलियान या कडू मुळात बर्बेरीन नावाचे पिवळे द्रव्य असते. आपल्या दारुहळदीतही तेच आढळते. वरील विकाराच्या ६४४ चिनी स्त्रियांवर बर्बेरीन, लेट्रोझोल हे आधुनिक औषध आणि दोन्ही एकत्र, अशी तुलना करण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत लेट्रोझोलच्या गटात ३६ टक्के, दोन्ही औषधांच्या गटात ३४ टक्के आणि केवळ बर्बेरीनच्या गटात २२ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. लेट्रोझोलला बर्बेरीनची जोड देऊन काही लाभ झाला नाही.

मिश्र काढ्यांविषयीचा पुरावा याहून दुबळा आहे. याच विकारावरील चिनी वनौषधींच्या चाचण्यांचा एक पद्धतशीर आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच चाचण्या व ४१४ स्त्रिया एवढीच सामग्री होती आणि त्यांतील एकीनेही जिवंत अपत्यांची गणना केलेली नव्हती. म्हणून काढे निरुपयोगी आहेत असे सिद्ध झाले, असे म्हणता येत नाही. ते उपयोगी आहेत असेही म्हणता येत नाही.

७. दोन धोके

वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी औषध, हा समज घातक आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे वजन उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मिश्रणात एका चिनी मुळाच्या जागी नामसाधर्म्यामुळे दुसरेच मूळ वापरले गेले. दोन्ही मुळांच्या नावांत ‘फांगची’ हा शब्द होता. या दुसऱ्या मुळात ॲरिस्टोलोकिक आम्ल नावाचे विष होते. शंभराहून अधिक व्यक्तींची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली आणि पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. हे प्रकरण वंध्यत्वाचे नव्हते. पण गर्भाची आशा असलेल्या स्त्रीने त्यापासून धडा घ्यावा, कारण तिच्या शरीरात कोणत्याही दिवशी एक दुसरे, अत्यंत कोवळे शरीर वाढू लागणे शक्य असते. जे औषध घ्यावयाचे त्यात काय आहे हे नेमके ठाऊक असावे आणि ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून लपवू नये.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. तो काळाचा. गर्भनलिका बंद असतील तर कोणताही काढा त्या उघडू शकत नाही. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे आणि तो बहुधा गाजावाजा न करता येतो. त्याचे निदान तपासणीने होते, नाडीने नव्हे. पतीच्या वीर्यात शुक्रजंतूच नसतील तर पत्नीचा ऋतू कितीही नियमित केला तरी गर्भ राहणार नाही. बत्तिसाव्या वर्षी उपायांच्या शोधात निघालेली स्त्री पाच वर्षे काढ्यांवर घालवून सदतिसाव्या वर्षी रुग्णालयात पोहोचली, तर मधल्या काळात तिच्या बीजकोशांतील जे गेले ते कोणालाही परत आणता येत नाही. छी पोने पस्तिसाव्या वर्षाची खूण केली होती, ती या ठिकाणी आठवावी. म्हणूनच एक वर्ष वाट पाहिल्यावर, आणि पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असल्यास सहा महिन्यांनीच, दोघांनीही तपासणी करून घ्यावी.

८. काय ठेवावे, काय तपासावे

आपण आरंभी केलेला भेद आता लागू करून पाहू. निरीक्षणांच्या बाबतीत परंपरागत चिनी वैद्यकाने पुष्कळ टिकाऊ गोष्टी दिल्या. वयाचे महत्त्व, ऋतूच्या नियमिततेचे महत्त्व, अतिकृशता व लठ्ठपणा यांचे परिणाम आणि सर्वांत मोलाचे म्हणजे पती-पत्नी दोघांचाही विचार, ही ती होत. स्पष्टीकरणांच्या बाबतीत वाहिन्या व स्वर्गीय जल यांच्या जागी आता मेंदूतील ग्रंथी, बीजकोश व त्यांचे अंतःस्राव आले आहेत. उपायांच्या बाबतीत सुया न्याय्य कसोटीत लटक्या सुयांहून सरस ठरल्या नाहीत आणि काढ्यांची पुरेशी कसोटी अद्याप झालेली नाही.

सुया टोचून घेताना किंवा वैद्याशी सावकाश बोलताना मनाला स्वस्थता लाभते, असे अनेक स्त्रिया सांगतात. ती स्वस्थता खोटी नव्हे. या दुःखात कोणीतरी तासभर शांतपणे ऐकून घ्यावे, हे काही थोडके नाही आणि आधुनिक रुग्णालयांनी परंपरेकडून घेण्याजोगा हा गुण आहे. मात्र स्वस्थतेसाठी घेतलेला उपचार आणि गर्भासाठी घेतलेला उपचार यांची गल्लत होऊ नये, आणि पहिल्याचे मोल दुसऱ्याच्या नावाने आकारले जाऊ नये.

ज्या घरात पाळणा हलण्याची वाट पाहिली जात आहे त्या घराला आशा हवी असते. आशा देणे सोपे आहे. ती किती आहे हे प्रामाणिकपणे मोजून देणे कठीण आहे, आणि शास्त्राचे काम ते आहे.

विचारार्थ प्रश्न

१. छी पोच्या उत्तरातील निरीक्षणे कोणती व स्पष्टीकरणे कोणती, यांची दोन याद्या करा.

२. २००२ सालच्या व २०१८ सालच्या अभ्यासांचे निष्कर्ष भिन्न का आले असावेत? चिंचोक्यांच्या प्रयोगाच्या आधारे उत्तर द्या.

३. एक हजार स्त्रियांच्या चाचणीत चार गट का केले? दोनच गट केले असते तर कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नसते?

४. एका स्त्रीचे ऋतुचक्र नियमितपणे बत्तीस दिवसांचे आहे. ओगिनो यांच्या गणनेप्रमाणे तिचे बीजांड चक्राच्या कोणत्या दिवसांच्या दरम्यान बाहेर पडेल?

५. आपल्या परिसरात प्रचलित असलेला एखादा घरगुती उपाय निवडा. त्याची न्याय्य कसोटी कशी घेता येईल, हे दहा-बारा ओळींत लिहा.